कोऱ्या पाण्याची चतुःसीमा

आक्कांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "तुझ्या घराच्या पूर्वेला कोण?"

नाव नाही, गाव नाही, चहा घेणार का नाही. कोल्हापुरातल्या आमच्या नकाशांच्या कंपनीत मी प्रकल्पप्रमुख म्हणून रुजू झालो, त्या सकाळची ही गोष्ट. कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलाशी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. निळ्या काठाची सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, कानावर खोचलेली पेन्सिल. मी नमस्कार केला, तर मान वर न करता त्यांनी हे विचारलं. म्हटलं, "फ्लॅट आहे माझा. पूर्वेला जिना." "पश्चिमेला?" "रस्ता." "उत्तरंला?" "कुणी पाटील म्हणून आहेत." "आणि दक्षिणंला?" मला सांगता येईना. "किती वर्सं ऱ्हातोस?" "चार." तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. "आरं, चार वर्सं एका भिताडाला डोकं लावून झोपतोस आणि पलीकडं कोण हाय ठावं न्हाय? आणि तू नकाशे काढणार व्हय!"

अख्खं ऑफिस खिदळलं. माझं डोकंच सणकलं. मी मुळात तापट माणूस, त्यात पहिला दिवस, अंगावर नवा शर्ट. पण संध्याकाळी घरी गेल्यावर राहवेना. दक्षिणेकडच्या दाराची बेल दाबली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "पोरीचा खोकला कमी आला का हो? फार ठसकत होती." मी गारच पडलो. ज्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं, ते माझ्या पोरीचा खोकला मोजत बसले होते. दुसऱ्या दिवशी हे आक्कांना सांगितलं, तर त्या नुसतं "हूं" म्हणाल्या आणि पुढचा नकाशा ओढून बसल्या.

त्यांचं नाव सुमन कांबळे. सगळं ऑफिस त्यांना आक्का म्हणायचं, मालकसुद्धा. शाहूवाडी तालुक्यातल्या एका भाताच्या गावातल्या बौद्ध वस्तीत त्यांचा जन्म. सरकारी मोजणी खात्यात त्या ट्रेसर म्हणून लागल्या. जुना नकाशा खाली ठेवायचा, त्यावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि खालची रेघ जशीच्या तशी शाईनं वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली ती पहिली बाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावी धाकटा भाऊ आनंदा, तो शेती बघायचा. निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना तपासणीसाठी बोलावून घेतलं आणि नियम घातला, की नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात 'तपासले' या चौकटीत आक्कांची सही असल्याशिवाय कागद दाराबाहेर जाणार नाही. बोलणं अस्सल कोल्हापुरी. इथल्या जुन्या बायकांसारखं त्यांचंही "मी आलो, मी गेलतो" असंच चालायचं. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही कळायचं आज कुणाचा नकाशा परत आला ते.

नकाशा हातात आला, की त्या आधी तो उलटा धरायच्या. "सरळ धरला की मानूस नावं वाचत बसतंय. उलटा धरला की जागा दिसती." मग बोट ठेवून चतुःसीमा विचारायच्या: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला, दक्षिणेला. आणि शेवटी हमखास तो प्रश्न: "शेजारी इचारला का?" जमिनीच्या मोजणीची ती रीतच आहे. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, सगळे बांधावर येऊन उभे राहतात, भांडतात, एकमेकांच्या आज्याचा उद्धार करतात, आणि मग हद्दीचा दगड बसतो. आक्का म्हणायच्या, "शेजारी हुबा असल्याबिगर दगुड रोवायचा न्हाय. भांडू दे की. भांडला म्हंजे तेचं कायतरी हाय तितं." एकदा मालकांनी स्वतःच्याच प्लॉटचा नकाशा त्यांच्यापुढं टाकला. शेजारच्या म्हातारीला विचारलेलं नव्हतं. आक्कांनी तो तीन दिवस अडवला. मालक लालबुंद झाले, पाय आपटले, आणि चौथ्या दिवशी मुकाट्यानं म्हातारीकडं गेले.

मला या सगळ्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? उपग्रह वरून फोटो काढतोय, संगणक हातभर अंतरसुद्धा सांगतोय, आणि ही बाई म्हणते म्हातारीला विचारून या. मी तोंडावर म्हणायचो, "आक्का, जमाना बदलला." त्या म्हणायच्या, "व्हय की. शेजारी बदललं असतील. नव्यास्नी इचार."

मग आमच्याकडं समुद्र आला.

आपला देश आता समुद्राचंही नियोजन करतो. जमिनीवर शेती कुठं, वस्ती कुठं, कारखाना कुठं हे जसं ठरवतात तसंच पाण्यावरही. जहाजांनी कुठून जायचं, मासे कुठं धरायचे, कासवं अंडी घालतात तिथं काय चालणार नाही, समुद्राखालच्या तारा कुठून न्यायच्या, बंदर खोल करताना निघालेला गाळ कुठं नेऊन टाकायचा. हे ठरवायचं तर आधी आज कुठलं पाणी कोण वापरतंय याचा नकाशा लागतो. दक्षिण कोकणातल्या एका पट्ट्याचा तो नकाशा करायचं काम आम्हाला मिळालं. मुंबईच्या एका कार्यालयाला तो द्यायचा, तिथल्या समितीची एका शुक्रवारी दुपारी चारला बैठक, आणि त्या बैठकीत इतर गोष्टींबरोबर गाळाची जागा ठरणार. सगळं ऑफिस हरखलं. घाटावर बसून आम्ही समुद्राच्या वाटण्या करणार होतो!

मी महिनाभर जीव ओतून तो नकाशा केला. मोठ्या बोटींवर एक यंत्र असतं, बोट कुठं आहे ते सारखं कळवत राहतं. त्या सगळ्या नोंदी मी घेतल्या. जिथं बोटी जास्त तिथं गडद रंग, कमी तिथं फिका, जिथं एकही नोंद नाही तिथं पांढरं. आणि पांढऱ्याला मी नाव दिलं 'वापर नाही, उपलब्ध'. एका छोट्या कोळीवाड्यासमोर असा पांढराशुभ्र तुकडा निघाला. बंदरापासून जवळ, जहाजांच्या वाटेबाहेर. गाळ टाकायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. मी स्वतःवरच खूश.

आक्कांनी नकाशा उलटा धरला. मग त्या पांढऱ्या तुकड्यावर बोट टेकवलं.

"हेची चतुःसीमा सांग."

"आक्का, समुद्र आहे तो."

"मग? पूर्वेला कोण?"

"किनारा. गाव आहे कोळ्यांचं."

"शेजारी इचारला का?"

"अहो, एकही बोट जात नाही तिथं! नोंदच नाही!"

"बारक्या होड्यास्नी असतंय व्हय ते यंत्र तुझं?"

नसतं. छोट्या होडीला ते यंत्र लागत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि डोक्यातच आलं नव्हतं. पण मी तसं कबूल करणारा माणूस नव्हतो तेव्हा. म्हटलं, "जी माहिती आहे तीच दाखवायची असते." त्यावर त्यांचा चेहरा एकदम कसा झाला ते मला तेव्हा समजलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मी सही करणार न्हाय," एवढंच म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी. मालकांकडं तीन दिवसांच्या रजेचा अर्ज, कारण लिहिलेलं: 'शेजारी विचारणे.' जुलैचे दिवस होते. गगनबावड्याला अशा दिवसांत धुक्यात हाताचं बोट दिसत नाही, घाटात दरडी येतात. आणि ही बासष्ट वर्षांची बाई माझ्या नकाशाची एक छापील प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून एसटीनं एकटी घाट उतरून गेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नकाशा पाठवायचा शेवटचा दिवस त्या तीन दिवसांतच होता. मुंबईहून फोनवर फोन. मालक परगावी गेलेले. मी आक्कांची सही आधीच्या एका नकाशावरून संगणकात उचलली, 'तपासले' च्या चौकटीत चिकटवली, आणि पाठवून दिला. दोन मिनिटांचं काम. मनाशी म्हटलं, म्हातारी परत आली की समजूत घालू.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का आल्या. चिंब भिजलेल्या, पाय सुजलेले, साडीचा काठ लाल चिखलानं माखलेला. आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी, आणि प्लास्टिक सोडून तो कागद माझ्यासमोर पसरला. माशांचा वास सगळ्या ऑफिसात पसरला. माझा पांढरा तुकडा कुठं गेला होता कोण जाणे! त्या जागी पेन्सिलीच्या रेघाच रेघा, आणि रेघांमध्ये नावं. म्हातारीचं खडप. दुपारची भाट. आवळीजावळी. रडकी. मी मोजली. सत्तावीस.

"बग," त्या म्हणाल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "होड्या सगळ्या वर वढल्यात पावसापायी, म्हणून मान्सं घरात घावली. एक तांडेल हाय, होडीचा म्होरक्या, माझ्यापरीस म्हातारा. तेला म्हटलं, दादा, पाण्यात जागा कशी वळकता? त्यो म्हणतोय, देवळाचा कळस आणि मागची डोंगराची खिंड एका रेघंत आली की थांबायचं. दुसऱ्या बाजूनं टोकावरचं झाड आणि पांढरा खडक एका रेघंत. दोन रेघा जितं कापतात तितं जाळं टाकायचं. आरं, हे आमचं मोजणीचं प्लेन टेबल हाय की रं! शाळंत न गेलेला मानूस मोजणी करतोय! मी म्हटलं, पाट आना. पाटावर कागद ठेवून त्यानं सांगायचं आणि मी रेघ वढायची. नावं बायकांनी सांगितली. कुठल्या खडपावरचा, म्हंजे पाण्यातल्या खडकावरचा, मासा कुठला, ते टोपलीत बगून सांगत्यात त्या."

मी खिंडीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"आणि ती खिंड कुठली म्हाईत हाय? आपल्या गगनबावड्याची! तेंच्या पाण्याची पूर्वेची शीव आपल्या घाटमाथ्यावर हाय. शेजारी आपुनच हाय की!" आणि त्या खळखळून हसल्या. "दे आता नवीन प्रत काढून. सही करतो."

मी म्हटलं, "आक्का, नकाशा गेला."

"कुठं गेला?"

"मुंबईला. काल. मी पाठवला."

"बिनसहीचा?"

त्यांनी माझ्या संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं, आणि तिथं खालच्या कोपऱ्यात त्यांना त्यांचंच नाव दिसलं. मला वाटलं आता आभाळ फाटणार. खालचा झेरॉक्सवाला धावत वर येणार. पण आवाजच नाही. त्या खुर्चीवर बसल्या. मी पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही.

"इंजिनेर," त्या म्हणाल्या, "माझ्या सहीखाली गेलेली ही दुसरी जागा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथं त्यांच्याच शब्दांत देतो. "नोकरीला लागून वरीस झालं न्हवतं. माझ्याच गावचा नकाशा टेबलावर आला. जुना कागुद, कापडावर चिकटवल्याला, घडी पडून पडून मधी झिजल्याला. वड्याच्या अलीकडं आमच्या वस्तीची जाळायची जागा. माझी आई तितंच गेलती, दोन वर्सं आदी. आणि घडीत नेमकी तेवढीच जागा पुसल्याली. ना खूण, ना नाव. मी वरच्या सायबास्नी इचारलं, हितं काय काढू? ते म्हणाले, काय दिसतंय का? म्हटलं, न्हाय. मग काढू नको, ट्रेसरनं आपल्या मनाचं काढायचं न्हाय. नियम बरूबरच हाय. पर मला ठावं होतं की! माझ्या आईला मी तितं जळताना बगितलं होतं. वस्तीत जाऊन चार मान्सं इचारून या म्हणाय पायजे होतं मी सायबाला. म्हणलो न्हाय. नवी नोकरी, भ्यालो. कोरी सोडली आणि खाली सही केली. मग काय, कोरी ती पडीक झाली, पडीक ती सरकारी झाली, आणि सरकारी ती कुणाच्यातरी गोदामाला गेली. तू परवा म्हणालास न्हवं, जी माहिती हाय तीच दाखवायची? माझा सायब असाच बोललावता."

मी हबकून गेलो. तीन वर्षं मी या बाईच्या हट्टाची चेष्टा केली. तिचा 'शेजारी' म्हणजे म्हातारपणचा चळ आहे, असं चारचौघांत बोललो. आणि ती रोज सकाळी टेबलाशी बसून हे गिळत होती! मी म्हटलं, "आक्का, मी माघारी घेतो. फोन करतो. चूक झाली म्हणून सांगतो."

"कर," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारच्या आत कर. गाळ पडला की पडला. मग त्यो तांडेल खिंड आणि कळस एका रेघंत आनून चिखलात जाळं टाकंल." आणि तो माशांच्या वासाचा कागद त्यांनी घडी न घालता, गुंडाळी करून माझ्या हातात दिला.

बैठकीला आठ दिवस होते. मी फोन केला नाही.

करणार होतो, अगदी शपथेवर सांगतो. पण चूक सांगायची म्हणजे चिकटवलेली सहीसुद्धा सांगायची. ते सांगितलं की नोकरी जाणार, आणि या धंद्यात नाव गेलेल्या माणसाला दुसरी कोण देणार? सोमवारी करू, मालक आल्यावर करू, सकाळी साहेब लोक घाईत असतात, दुपारी करू. आक्का रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आणि एकच विचारायच्या, "फोन केलास?" मी म्हणायचो, "आज करतो." त्या मान डोलवायच्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मालकांना सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. रोज वाट पाहिली. गुरुवारी संध्याकाळी जाताना दारात थांबल्या. म्हणाल्या, "उद्या शुक्रवार हाय." मी म्हटलं, "सकाळी पहिलं काम तेच."

शुक्रवारी सकाळी माझाच फोन वाजला. पलीकडं आनंदा, त्यांचा भाऊ. "सायेब, आक्का गेली. पहाटं फोनवर छातीत दुखतंय म्हणली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात न्हेईपर्यंत... गावाकडं आनतोय तिला. तिनं सांगून ठेवलंवतं, मला गावातच न्ह्या म्हणून."

मला त्या बोलण्याचा अर्थच लागेना. मी त्याला दोनदा विचारलं, "कोण गेलं?" काल संध्याकाळी दारात उभ्या होत्या की त्या! मग कधी निघालो, गाडी कशी काढली, काही आठवत नाही. माझ्या पिशवीत ती गुंडाळी तशीच होती.

शाहूवाडीचा पाऊस कोसळत होता. वस्ती गावाच्या कडेला, चारी बाजूंनी भाताची खाचरं. पांढरे कपडे घातलेली माणसं जमली होती. त्रिसरण, पंचशील झालं. मग उचलून निघाले, आणि दोनशे पावलांवर थांबले. आनंदाच्या स्वतःच्या खाचराच्या बांधावर लाकडं रचली होती. चौघांनी चार कोपरे धरून वर पत्रे तोलले होते, पाऊस लागू नये म्हणून. मला कळेना. मी आनंदाला हळूच विचारलं, "इथं का? स्मशानभूमी?"

"गावाची वड्यापल्याड हाय," तो म्हणाला. "वड्याला पानी. जाता येत न्हाय. आणि एरवी न्हेलं तरी कुणीतरी घसा खाकरतंयच. आमची होती हिकडंच." त्यानं हात केला. खाचरांच्या पलीकडं एक लांब भिंत, तिच्यावर काचा, आत गोदामाचं छप्पर. "ती की. भितीच्या आत. आई तितं हाय आमची. आक्कानं लई अर्ज केलं, सायेब. लई वर्सं. दर बारीला एकच जबाब, नकाशात नोंद आढळत न्हाय. कुणी चूक केली कुणास ठावं."

त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तो नकाशा कुणी उतरवला, खाली कुणाची सही आहे, हे त्या माणसांच्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि ती बाई समोर लाकडांवर होती. तिनं कोऱ्या सोडलेल्या जागेत तिच्यासाठीच जागा नव्हती. मी चिखलातच खाली बसलो. कुणीतरी म्हणालं, पावण्यास्नी पानी द्या.

आनंदानं अग्नी दिला. ओली लाकडं आधी नुसती धुमसली, मग पेटली. मी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. चारला बैठक.

मी उठलो. बांधाच्या उंच टोकाला गेलो, तिथं फोनला रेंज होती, आणि मुंबईच्या त्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"आत्ता? अहो, बैठकीची तयारी चाललीय."

"त्याचसाठी केलाय. गाळासाठी दाखवलेली जागा रिकामी नाही. छोट्या होड्यांच्या नोंदी माझ्याकडं नव्हत्या, आणि नोंद नाही म्हणून मी वापर नाही असं लिहिलं. चूक माझी. आणि त्यावरची तपासणीची सही त्या बाईंनी केलेली नाही. ती मी चिकटवलीय."

तो म्हणाला, "हे फार गंभीर आहे, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"म्हणजे त्या जागेची तपासणी झालेलीच नाही?"

"झालीय. त्यांनी स्वतः जाऊन केलीय. सत्तावीस नावं आहेत, प्रत्येकाच्या खुणा आहेत."

"मग त्या बाईंनाच द्या फोन."

मी मागं वळून पाहिलं. चौघे अजून पत्रे तोलून उभे होते, हात अवघडले होते त्यांचे. पत्र्यांवर पाऊस वाजत होता आणि खालून धूर निघत होता.

"त्या बोलू शकत नाहीत आता," मी म्हटलं. "मी वाचतो. तुम्ही लिहून घ्या."

तो म्हणाला, "थांबा. पेन घेतो."

मी गुंडाळी सोडली. माशांचा वास आला. आनंदा केव्हा जवळ आला कळलं नाही. त्यानं काही न विचारता आपली छत्री कागदावर धरली.

"लिहा," मी म्हटलं. "पहिलं, म्हातारीचं खडप. पूर्वेला गगनबावड्याची खिंड."